बिळिगुड्डचा वाण

कुलसचिवांच्या कचेरीतून निरोप आला की सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेसाठी विद्यापीठाचा परिचय मी लिहावा. दोन पानं, सोपी भाषा, आकडे बेताचे. मीच का, असं विचारलं तर कुलसचिव म्हणाले, "चेलुवांबा मॅडम, चारही कॅम्पसची धूळ तुमच्याइतकी कुणी खाल्लेली नाही." ते खरं आहे. मी रेशीमकिड्यांच्या रोगांवर काम करते, आणि रोगाला एका जागी बसवत नाही.

परिचय लिहायला अवघड नव्हता. मुख्य कॅम्पस म्हैसूरच्या बाहेर, नंजनगूडच्या रस्त्याला. तिथं प्रयोगशाळा, वसतिगृहं आणि कॉफी पिऊन निर्णय पुढच्या महिन्यावर ढकलायची एक भलीमोठी खोली. दुसरा कोळ्ळेगालला, तिथं कोषातून सूत काढायला शिकवतात. तिसरा चामराजनगरच्या माळावर, तुतीच्या जातींसाठी. चौथा बिळिगुड्डच्या डोंगरावर. तिथं बदली झाली की माणूस आधी रजेचा अर्ज लिहितो आणि मग सामान बांधतो.

आमचा जुना पिवळा वाण या चारही ठिकाणी पाळला जायचा. एकाच दिवशी अंडी उबवायची, एकाच दिवशी अळ्या बाहेर पडायच्या, म्हणजे एका ठिकाणी रोग पडला तर तोच वाण बाकीच्यांकडून परत आणता येतो. रोज संध्याकाळी चारही कॅम्पस फोनवर एकत्र यायचे. तापमान, दमटपणा, मेलेल्या अळ्या, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न. आमच्याकडे माणूस भेटला की 'जेवण झालं का' विचारतात, तेच आम्ही किड्यांबद्दल विचारतो. "कोळ्ळेगाल, जेवण झालं?" "झालं." "चामराजनगर?" "झालं." "बिळिगुड्ड?" आणि बिळिगुड्डहून उत्तर द्यायची ती माझी मुलगी, तुंगा. "झालं, मॅडम," असं सगळ्यांसमोर म्हणायची, आणि फोन ठेवताना हळूच, "तुझं झालं का, अम्मा?"

बिळिगुड्डबद्दल पुस्तिकेत एकच वाक्य घाला, असं मला सांगण्यात आलं. 'प्रशासकीय कारणांमुळे सध्या बंद.' ते मी घातलं. जे घालता आलं नाही ते इथं लिहिते.

तुंगा गेली ती माघात. सकाळी तुतीच्या बागेत पानं तोडायला गेली होती. बुंध्याशी घोणस होती. गाडी घाट उतरून दवाखान्यात पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुडघ्यापर्यंतचे बूट तिच्या खोलीत कोरे पडले होते. मीच घेऊन दिले होते, आणि दर फोनला विचारत होते. तिच्यासाठी मी जितकी रडले तितकीच तिच्यावर चिडले आहे, आणि तो राग अजून उतरलेला नाही. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आम्ही दोघीच होतो.

त्याच सुमारास बिळिगुड्ड बंद करायचं ठरलं. त्याचा तुंगाशी संबंध नव्हता. माणसं मिळत नव्हती, आणि म्हैसूरच्या त्या भल्यामोठ्या खोलीत बऱ्याच वर्षांनी एक निर्णय झाला होता. जायच्या आधी तिथल्या वाणाची शेवटची पिढी वाढवायची, मादी पतंगांची तपासणी करायची, निरोगी निघाल्या तर अंडी म्हैसूरला आणायची, नाहीतर जाळायची. तपासणी माझ्याकडे असते.

डोंगरावरचे प्रमुख डॉक्टर गुरुमल्लप्पा. माझा विद्यार्थी, आता टक्कल पडलेला, पण मला अजून घाबरणारा. त्याचा फोन आला. "मॅडम, तुम्हाला जमेल का? नाहीतर दुसऱ्या कुणाला..."

"दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "अळ्या जरा वेगळ्या वागतायत."

"आजारी आहेत?"

"नाही. खातात. वाढतात."

"मग वेगळ्या म्हणजे काय, गुरू? इंग्रजी बोलतात?"

तो हसला नाही. "तुम्ही या आणि बघा," म्हणाला.

विद्यापीठाची हिरवी बस आठवड्यातून दोनदा डोंगरावर जायची. चामराजनगर सोडलं की गार लागायला लागतं. कॅम्पस म्हणजे एक कचेरी, चार खोल्यांचं विश्रामगृह, उतारावर तुतीची बाग आणि तिच्या वरच्या अंगाला किड्यांचं घर. लांबट, कौलारू, चारही बाजूंनी बारीक जाळी. उंबऱ्यावर चुन्याची पट्टी आणि पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचं कुंड. आत दोन्ही बाजूंना लाकडी मांडण्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. प्रत्येक मांडणीवर एकावर एक बांबूची गोल तबकं, आणि तबकांत अळ्या.

दारापाशी केंपम्मा उभी होती. जवळच्या वस्तीतली, माझ्याच वयाची. कॅम्पस निघाल्यापासून किडे सांभाळते. तोंडात पान. माझे हात हातात घेऊन तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "वाळलात, अम्मा. नाचणीचं मुद्दे केलंय. कुळथाचं सारही आहे. आधी जेवा. किडे कुठं पळत नाहीत."

मी जेवले. तिच्यासमोर न जेवायची कुणाची हिंमत नाही.

रेशमाची अळी चारदा कात टाकते. प्रत्येक वेळी आधी खाणं थांबवते, मान वर करते आणि दिवसभर तशीच निश्चल राहते. आम्ही त्याला झोप म्हणतो. शेवटची कात टाकली की मग झोप नाही; खाते, खाते, आणि कोष विणायला घेते. मी पोचले तेव्हा इथल्या अळ्या नुकत्याच शेवटच्या झोपेतून उठल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केंपम्मानं पानं घातली आणि घर आवाजानं भरून गेलं. हजारो अळ्या एकदम खायला लागल्या की कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत बसल्यासारखं वाटतं. मला तो आवाज आवडतो. त्या आवाजात तुंगाला मांडीवर घेऊन मी प्रबंध लिहिलाय.

मी तबकं तपासत दाराकडच्या मांडणीपाशी होते. उन्हं उंबऱ्यापर्यंत आली होती.

आवाज थांबला.

हळूहळू कमी झाला असं नाही. थांबला. मी वर पाहिलं. समोरच्या तबकातल्या सगळ्या अळ्यांनी माना वर केल्या होत्या. शेजारच्या तबकातल्याही, वरच्या, खालच्या, पलीकडच्या. झोपेत करतात तशा, पण झोपेत त्या वाट्टेल तिकडे तोंड करून असतात. या सगळ्यांची तोंडं एका बाजूला होती. घराच्या पार टोकाच्या कोपऱ्याकडे.

केंपम्मा भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावरून पदर घेतला होता.

मग माना वळायला लागल्या. सगळ्या मिळून, सावकाश. टोकाच्या मांडणीपासून वाटेनं काहीतरी पुढं येत असावं आणि अळ्यांची नजर त्यावर असावी, तशा. नजर म्हणणं चूक आहे. या अळीला उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं दिसत नाही, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. ते जे काही होतं ते एका मांडणीपाशी थांबलं, पुढच्या मांडणीपाशी आलं, थांबलं. ते पुढं सरकलं की मागच्या मांडणीवरच्या अळ्या माना खाली घालून खायला लागत. आवाज टोकाकडून भरत भरत दाराकडे आला. शेवटी माझ्या बाजूच्या तबकातल्या अळ्यांनी माना खाली घातल्या आणि घर पुन्हा आवाजानं भरलं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज," केंपम्मा म्हणाली. "लहान असतात तेव्हा माना दिसत नाहीत, म्हणून कळत नाही. मोठ्या झाल्या की कळतं."

मी पुराव्यावर जगणारी बाई आहे. वारा असेल म्हणून दुसऱ्या दिवशी जाळीवर ताडपत्री बांधून घेतली. उजेड असेल म्हणून त्यानंतर काळे पडदे लावले आणि लाल दिव्यात बसले. जमिनीला हादरा बसत असेल म्हणून मांडण्यांच्या पायांखाली रबर घातलं. गुरुमल्लप्पाला आणि केंपम्माला कचेरीत बसवून, दाराला कुलूप घालून, मी बाहेरून जाळीला डोळा लावून बसले. काहीच फरक पडला नाही. सकाळचं खाणं घालून झालं, उन्हं वर आली, की आवाज थांबायचा, माना टोकाच्या कोपऱ्याकडे वळायच्या आणि ते मांडणीमांडणीनं दाराकडे यायचं.

टोकाकडून दाराकडे. सगळ्या जगात पानं घालायला दारापासून सुरुवात करतात, कारण टोपली जड असते आणि ती लवकर हलकी व्हावी असं प्रत्येकाला वाटतं. माझी मुलगी उलट करायची. लहानपणी माझ्या मागून किड्यांच्या घरात यायची तेव्हापासून. "टोकाच्यांना नेहमी शेवटी शिळं मिळतं, अम्मा," म्हणायची. मी चिडवायचे, की किड्यांची युनियन काढ आणि तू अध्यक्ष हो.

त्या दुपारी मी गुरुमल्लप्पाला समोर बसवलं. "हे कधीपासून?"

तो नखं बघत बसला. उत्तर केंपम्मानं दिलं.

"ती गेली त्या दिवशी किडे उपाशी होते, अम्मा. आम्ही सगळे गाडीच्या मागं. परत आलो तर अळ्या रिकाम्या तबकांत माना हलवतायत. बागेत जायला कुणाचे पाय होईनात. तिनं तोडलेली टोपली बांधावर तशीच होती. वर ओला गोणपाट होता. पानं ताजी होती. आमच्या वस्तीत नियम आहे. जो तोडील त्यानंच घालायचं. तोडणाऱ्याला यायला जमलं नाही तर ती पानं मातीला द्यायची, दुसऱ्यानं घालायची नाहीत. मला माहीत होतं. पण किड्यांना सुतक नसतं. मी घातली."

"मग?"

"मग काय. त्यांनी खाल्ली. त्यांची पोरं ही."

गुरुमल्लप्पा पटकन म्हणाला, "मॅडम, याला काही अर्थ नाही. तिनं मनाला लावून घेतलंय."

"तुला ताडपत्री बांधायला लावली तेव्हा तू का घामाघूम झालास?" मी विचारलं.

बाकीच्या तिन्ही कॅम्पसना मी फोन केला. तोच वाण, तेच वय. तिकडे कुणाच्याच अळ्या मान वर करत नव्हत्या.

पुढच्या सकाळी पडदे काढायला लावले. ताडपत्री काढली. सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मी वाटेच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. हातात वही नाही, घड्याळ नाही. अंगावर शहारा होता, आणि मला भीती वाटत होती असं मी म्हणणार नाही. बऱ्याच दिवसांनी मला कुणाची तरी वाट बघायची होती.

आवाज थांबला. माना कोपऱ्याकडे वळल्या.

ते यायला लागलं. एक मांडणी. थांबलं. दुसरी. मला पायांचा आवाज आला नाही, वारा लागला नाही. फक्त दोन्ही बाजूंच्या हजारो माना वळत होत्या आणि त्यांच्यावरून मला कळत होतं की आता कुठं, आता कुठं. ते माझ्या समोर आलं.

आणि तिथं थांबलं.

डावीकडच्या अळ्या उजवीकडे बघत होत्या, उजवीकडच्या डावीकडे. वरच्या तबकांतल्या खाली, खालच्या वर. सगळ्यांची तोंडं माझ्यापुढच्या एका मोकळ्या जागेवर होती. माझ्या कपाळाच्या किंचित खाली. तुंगा माझ्यापेक्षा थोडी बुटकी होती.

मी जे रोज बोलायचे तेच बोलले.

"जेवण झालं का, बाळा?"

काही झालं नाही. माना तशाच. मग अगदी सावकाश ती जागा माझ्या बाजूनं सरकली, माझ्या डाव्या खांद्यावरून मागं गेली, आणि पुढच्या मांडणीपाशी थांबली. वाट एका माणसापुरतीच होती. तिथून कुणालाही अंग चोरल्याशिवाय जाता आलं नसतं. मी वळून बघितलं नाही. मागं आवाज भरत गेला, आणि मी तिथंच खाली बसून रडले. इतके दिवस लोकांसमोर रडले होते. ते रडणं वेगळं.

त्यानंतरच्या सकाळी मी रोज तिथं उभी राहिले. रोज ती समोर थांबायची. कधी मी पोचायच्या आत केंपम्मा दार उघडून ठेवायची आणि स्वतः बाहेर पायरीवर पान चघळत बसायची. एकदा म्हणाली, "तिला सांगा, भाताला पाणी जास्त घालत जाऊ नको. मी सांगून थकले." मी सांगितलं.

मग अळ्या पिकल्या. अंग पिवळसर, आरपार दिसायला लागलं, खाणं सुटलं. बांबूच्या चक्रांवर चढल्या आणि विणायला लागल्या. दोन दिवसांत घरात एकही मान उरली नाही. नुसते पिवळे कोष. सकाळी मी वाटेत उभी राहायचे. घर गप्प असायचं. ती येऊन जात असेल तर मला कळायला आता काही साधन नव्हतं.

पुढची पिढी वाढली की कळणार होतं. माझं सगळं लक्ष त्याच एका गोष्टीकडे लागलं होतं. पतंग बाहेर पडले, जुळले, माद्यांनी कागदावर खसखशीएवढी अंडी घातली. ही अंडी निरोगी निघाली तर म्हैसूरला येणार होती, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

पेब्रिन नावाचा एक रोग आहे. तो आईकडून अंड्यात जातो, म्हणून आम्ही अंडी तपासत नाही, आई तपासतो. प्रत्येक मादी कागदी पुडीत ठेवायची, अंडी घालून झाली की खलबत्त्यात कुटायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. चमकणारे लांबट दाणे दिसले की ती अंडी जाळायची. तुंगा लहान असताना विचारायची, "आईला रोग झाला तर पिल्लांना का जाळतात?" मी म्हणायचे, "कारण पिल्लांतून तो गावोगाव जातो."

पहिल्या काचेवर काही नव्हतं. दुसऱ्या काचेवर दाणे होते.

मी काच पुसली आणि पुन्हा थेंब घेतला. दाणे होते. पुढच्या पुडीत होते. त्याच्या पुढच्या पुडीत नव्हते, आणि मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. मग पुन्हा होते. बहुतेक सगळ्या माद्यांत होते. कोषात जाईपर्यंत अळ्यांवर रोगाचा एक ठिपकाही दिसला नव्हता.

गुरुमल्लप्पा कॉफी घेऊन आला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. त्यानं दार लोटून घेतलं.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "अहवाल तुम्हीच लिहिणार. वरचं कुणी बघायला येत नाही. ज्या थोड्या निरोगी दिसतायत त्यांची अंडी घेऊन जा. मी बघितलं नाही."

"त्या निरोगी दिसतायत. आहेत असं नाही. एवढा रोग असलेल्या घरातलं काही बाहेर न्यायचं नसतं. हे तुला मीच शिकवलंय."

"तुम्ही शिकवलंत ते मला पाठ आहे. पण तुंगा..." तो तिच्याबरोबर तिथं काम करत होता. त्याचे डोळे भरून आले. "एकदाच, मॅडम."

मी त्याला हो म्हणणार होते. ते मला लपवायचं नाही. पुडी पदराखाली घेऊन बसमध्ये बसायचं, एवढंच होतं. म्हैसूरच्या किड्यांच्या घरात वेगळ्या मांडणीवर वाढवता आल्या असत्या. पण म्हैसूरहून अंडी खेड्यांत जातात. हा रोग पडलेलं एक गाव मी पाहिलंय. अळ्यांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे डाग, आणि एक बाई रिकामी तबकं नदीवर घासत होती. घासून झालेलं तबक पुन्हा पुन्हा घासत होती. ते आठवलं, आणि माझ्याच्यानं पुडी उचलवेना.

किड्यांच्या घरामागं पत्र्याचा डबा आहे. अंड्यांचे कागद मी स्वतः त्यात ठेवले. केंपम्मा लांब उभी होती, जवळ आली नाही. काडी मी ओढली. फार वेळ लागला नाही.

"मी हे केलं, तुंगा," मी मोठ्यानं म्हणाले. "दुसऱ्या कुणी नाही."

म्हैसूरला परत आले. मनात एक वेडी आशा होती, ती सांगते. वाण तोच होता. चारही ठिकाणी एकच वाण असावा म्हणून तर एवढा खटाटोप. मी रोज सकाळी मुख्य कॅम्पसच्या किड्यांच्या घरात जाऊन वाटेच्या मध्यावर उभी राहायचे. मुलं आपसात खुणा करायची, मला कळायचं. अळ्या मोठ्या झाल्या. उन्हं उंबऱ्यावर आली. आवाज थांबला नाही. मग कोळ्ळेगालला गेले, चामराजनगरला गेले. कुठंच थांबला नाही. संध्याकाळच्या फोनवर आता तीनच कॅम्पस असतात. चामराजनगरनं "झालं" म्हटल्यावर सगळे क्षणभर गप्प बसतात आणि मग कुणीतरी तापमान विचारतं.

पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावरची जागा वनखात्याला द्यायची ठरली. मोजदाद करून किल्ल्या द्यायला विद्यापीठातर्फे गुरुमल्लप्पा निघाला. मी म्हटलं, मीही येते, माझा सूक्ष्मदर्शक तिथं राहिलाय. माझा सूक्ष्मदर्शक केव्हाच आला होता, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं जीपचं पुढचं दार उघडून दिलं.

केंपम्मा लेकीकडे गुंडलूपेटला राहायला गेली होती. मी बिळिगुड्ड सोडलं त्याच दिवशी कॅम्पस बंद झाला होता, आणि त्यानंतर तिथं कुणी गेलं नव्हतं. कचेरीच्या भिंतीला शेवाळ आलं होतं. तुतीची बाग बेसुमार वाढलेली असेल अशी माझी समजूत होती. उतारावरून बघितलं तर फांद्या खालपासून अर्ध्यापर्यंत उघड्या होत्या.

"गुरं शिरली असतील," गुरुमल्लप्पा म्हणाला.

गुरं फांद्या मोडतात, शेंडे खातात. इथं एकेक पान देठापासून खुडलं होतं, आणि कोवळे शेंडे ठेवले होते. मी काही बोलले नाही.

किड्यांच्या घराचं कुलूप गंजलं होतं. किल्ली फिरेना. गुरुमल्लप्पानं जीपमधून तेल आणून घातलं, दगडानं ठोकलं, बराच वेळ झटापट केली. तेवढ्या वेळात मी घराला एक फेरी मारली. जाळी कुठंही फाटलेली नव्हती. उंबऱ्यावरच्या चुन्यावर कुणाचं पाऊल नव्हतं.

दार उघडलं. आतून हिरवा, दमट वास आला.

मांडण्या होत्या तिथंच होत्या. तबकंही, ती खाली नेण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. प्रत्येक तबकात पानं होती. खाली काळी पडलेली, कुजलेली. त्यावर वाळून चुरा झालेली. त्यावर पिवळी. थरावर थर, काही तबकांत काठाच्या वर आलेले. टोकाकडच्या मांडणीवर सगळ्यात जास्त.

"माकडं," गुरुमल्लप्पा म्हणाला. मग जाळीकडे बघितलं. मग दाराबाहेर गेला, आणि जीपपाशी जाऊन उभा राहिला.

मी टोकापर्यंत गेले. एका पानाची कड पाहिली, मग दुसऱ्याची. कुठंही कुरतडल्याची खूण नव्हती. माझी पोर रोज पानं वाढत होती आणि खाणारं कुणी नव्हतं. खाणारे मी जाळले होते.

शेवटच्या तबकातलं सगळ्यात वरचं पान मी उचललं. त्याच्या देठातून पांढरा चीक अजून ओघळत होता.